बारशाच्या फोटोतला पिवळा रंग

हे लिहायला मला आमच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. म्हणाल्या, "वॉर्डात नवीन बाळ आलं की तुम्ही त्याच्या आईला धरून बोलत बसता. सिस्टर वैतागतात. त्यापेक्षा एकदा लिहून द्या, मी झेरॉक्स काढून वाटते." मी एकदा बोलायला लागले की थांबत नाही, हे खरं आहे. पण लिहायला बसल्यावर सुरुवात कुठून करू तेच कळेना. शेवटी ठरवलं, जे मला पहिल्या दिवशी कुणी सांगितलं नाही ते आधी सांगून मोकळं व्हायचं.

तान्ह्या बाळाच्या शीचा रंग बघा. रोज बघा, स्वतः बघा. पिवळी, हिरवट, मोहरीसारखी असेल तर खुशाल झोपा. पांढरी, राखाडी, ओल्या खडूसारखी असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. सव्वा महिना होऊ दे, बारसं होऊ दे, पाहुणे येऊन जाऊ देत, असलं काही करू नका. आमच्याकडे हे सगळं झालं.

माझी मुलगी मानसी आता दुसरीत आहे. लिव्हरमध्ये तयार होणारं पित्त आतड्यात नेणारी नळी असते, ती हिच्या पोटात धड तयारच झाली नव्हती. फार थोड्या बाळांना होतं असं. आम्ही त्या थोड्यांत निघालो.

अंधारी खोली

माझं माहेर भाईंदरजवळच्या राई गावचं. खाडीकाठी घर, बाबांची थोडी शेती. सासर भाईंदर पूर्वेला, केबिन रोडच्या मागच्या सोसायटीत. सासरची माणसं गिरगावातून इथे राहायला आलेली. माझ्या सासूबाईंना सगळे माई म्हणतात. माईंना भाईंदर म्हणजे गावच वाटायचं, आणि राई म्हणजे गावाच्याही पलीकडचं काहीतरी. नवऱ्याचं नाव विलास, सरकारी ऑफिसात क्लार्क. मी त्याला नावाने हाक मारते ते माईंना पहिल्या दिवसापासून खटकतं. आता त्यांना खटकायचीही सवय झालीये.

नव्वदच्या सुरुवातीची ही गोष्ट आहे. बाळंतपणाला मी राईला गेले. भाईंदर पश्चिमेच्या एका नर्सिंग होममध्ये सगळं सुखरूप झालं. दोन-तीन दिवसांत बाळ जरा पिवळं दिसायला लागलं, तर तिथले डॉक्टर म्हणाले, बऱ्याच बाळांना होते ही कावीळ, कोवळ्या उन्हात धरा. आम्ही धरलं. आठवडाभराने सगळ्यांचं एकमत झालं की कावीळ गेली. गेली कशावरून, ते कुणी विचारलं नाही. मीही नाही.

मग सुरू झाला सव्वा महिना. आमच्या गावात बाळंतिणीने या दिवसांत उंबरा ओलांडायचा नाही. खिडकी बंद, वारा लागतो म्हणून. खाली शेगडी, खोलीत ओव्याची धुरी. आणि आंघोळीआधी बाळाला साय, डाळीचं पीठ आणि हळद चोळायची. माझी आई हे इतकं मन लावून करायची की मला तिला बघत बसावंसं वाटायचं. तिच्या हातांखाली बाळ लोण्यासारखं मऊ व्हायचं. आणि पिवळं असायचं.

एकदा मी म्हटलं, "आई, ही अजून पिवळी वाटते गं."

"हळद हाय ती," आई म्हणाली. "दोन आंघोळींत काय जात न्हाय हळद."

लंगोटांवर पिवळे डाग पडायचे, तेही हळदीच्या नावावर गेले. आता विचार केला की डोकं आपटून घ्यावंसं वाटतं. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे सांगायला काही डॉक्टर लागत नाही, कपडे धुणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत असतं. हे डाग लाल होत नव्हते. लघवीचा रंग होता तो. आणि शी पांढरी. आई म्हणायची, "दूध पेते, दुधासारीच होनार." मानसीला अंगावरचं दूध भरपूर मिळत होतं, वजन वाढत होतं, हसायलाही लागली होती. असं बाळ आजारी असेल असं कुणाच्या मनात तरी येईल का?

मांडवाचं कापड

सव्वा महिना झाल्यावर राईलाच अंगणात मांडव घालून बारसं केलं. माई झाडून सगळ्या नातेवाइकांना घेऊन आल्या. येताना केबिन रोडवरचा फोटोवालाही आणला, कारण गिरगावच्या माणसांना पुरावा लागतो. मानसीला पांढरं झबलं घातलं होतं. सगळ्यांच्या मांडीवर तिचे फोटो निघाले. त्याच आठवड्यात मी सासरी आले.

फोटो आले तेव्हा सगळे पंख्याखाली बसून बघायला लागले. पहिल्यांदा विलासच म्हणाला, "हे काय, पोरगी एवढी पिवळी का आलीये?"

"प्रिंटच पिवळी आहे," तोच परत म्हणाला.

माई म्हणाल्या, मांडवाचं कापड पिवळं होतं, त्याची झाक पडली. आता मांडवाचं कापड लाल-पांढरं होतं, ते त्याच फोटोत वर दिसत होतं. पण मी काही बोलले नाही, कारण मला भांडायला फोटोवाला मिळाला होता. माझं पहिलं मूल, पहिले फोटो, आणि हा असले रंग देतो म्हणजे काय? दुसऱ्या दिवशी मी पाकीट घेऊन त्याच्या दुकानात गेले.

फोटोवाला गुजराती, वयाने मोठा, शांत माणूस. त्याच्याशी माझं हिंदीतच चालायचं.

"भाई, ये क्या कलर आया है? बच्ची पूरी पीली दिख रही है."

त्याने फोटो ट्यूबलाइटखाली धरले, एकेक करून पाहिले. वाद घातला नाही. "लॅब को भेजता हूँ, बहेन. पीला कम करके देंगे," म्हणाला.

ते दुरुस्त होऊन यायला आठवडा लागला. त्या आठवड्याबद्दल मी फार विचार करत नाही. केला तर झोप लागत नाही.

निळे पाहुणे

नवे फोटो मी दुकानातच उघडले. मानसी गुलाबी दिसत होती, हवी होती तशी. मला इतकं बरं वाटलं. मग तिला मांडीवर घेतलेल्या माईंकडे नजर गेली. माई निळ्या पडल्या होत्या. ओठ जांभळे, पांढरे केस निळसर. शेजारी माझी आई, तीही निळी. पांढरं झबलं आकाशी झालं होतं. सगळं बारसं निळं पडलं होतं आणि मधे एकटं माझं बाळ माणसासारखं दिसत होतं.

फोटोवाला ओशाळून म्हणाला, "बेबी का पीला निकाला, तो सबका निकल गया. क्या करें, एक ही कागज है ना."

माझ्या खांद्यावर मानसी होती. मी तिला तिथेच काउंटरवर ट्यूबलाइटखाली ठेवलं आणि तिच्या डोळ्यांत पाहिलं. डोळ्यांचं पांढरं पिवळं होतं. डोळ्यांना काही कुणी हळद लावत नाही.

मला तिला उचलता येईना. फोटोवाल्याने हाक मारून बायकोला आतून बोलावलं. तिने मला स्टुलावर बसवून पाणी दिलं आणि मुलीला माझ्या ओच्यात ठेवलं. ती बाई अजून रस्त्यात दिसली की मानसीच्या गालाला हात लावते.

सगळा दवाखाना वाट बघतो

विलासला ऑफिसात फोन करून बोलावून घेतलं. संध्याकाळी आम्ही तिघं, मी, विलास आणि माई, पश्चिमेला मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मानसीला खिडकीपाशी नेलं, पापणी खाली ओढून पाहिली, पोट चाचपलं. उजवीकडे बरगडीखाली त्यांची बोटं बराच वेळ थांबली. मग विचारलं, "शी कशी होते?"

"रोज होते, तीन-चार वेळा," मी म्हटलं.

"रंग?"

दोन महिन्यांत हा प्रश्न पहिल्यांदा कुणीतरी विचारत होतं. माईच पुढे होऊन म्हणाल्या, "दुधाची शी, डॉक्टर. पांढरीच असते ना?"

डॉक्टरांनी बाळ माझ्या हातात दिलं. "बाळाला पाजा," म्हणाले, "आणि बाहेर बसा. मला बघायचीये."

आम्ही बाकावर बसलो. एकेक पेशंट आत जाऊन बाहेर येत होता. कंपाउंडर अधूनमधून विचारायचा, "झाली का?" बाकीच्या बायकाही मान वळवून बघायला लागल्या. विलास पायाने जमीन ठोकत होता. मी मनात म्हणत होते, आज तरी पिवळी होऊ दे, एकदाच होऊ दे, मग आपण सगळे हसू आणि घरी जाऊ.

झाली, ती नेहमीसारखीच. पांढरी.

डॉक्टरांनी लंगोट पाहिला आणि हात धुवायला गेले. फार वेळ हात धुतले त्यांनी. मग पाठमोरेच चिठ्ठी लिहायला बसले आणि मुंबईतल्या मोठ्या महापालिकेच्या रुग्णालयाचं नाव सांगितलं.

"उद्या सकाळी लवकर निघतो," विलास म्हणाला.

"आज," डॉक्टर म्हणाले. "घरी जाऊन पिशवी घ्या आणि आज निघा."

जिन्यात माईंनी माझा दंड धरला.

दुसरा फोटो

रुग्णालयात रक्त काढलं, सोनोग्राफी झाली, आणि मग एक वेगळा फोटो काढायचा म्हणाले. बाळाला शिरेतून औषध देतात, ते लिव्हरमधून पित्तात आणि पित्तातून आतड्यात उतरतं, आणि मशीनवर ते उतरताना दिसतं. निदान दिसायला हवं. पहिल्या दिवशी काढला, दुसऱ्या दिवशी परत काढला.

तिथेच मला डॉक्टरीणबाई पहिल्यांदा भेटल्या. मुलांच्या सर्जन, उंच, आवाज मऊ पण गोड बोलणं नाही. त्यांनी काळी फिल्म उजेडावर धरली. वर एक ठळक डाग होता, ते लिव्हर. खाली सगळा अंधार.

"इथे उतरायला हवं होतं," खालच्या अंधारावर बोट ठेवून त्या म्हणाल्या. "उतरलं नाही."

त्यांनी सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगते. आतल्या नळीची वाट बंद. पित्त लिव्हरमध्येच साचतंय आणि लिव्हर खराब करतंय. ऑपरेशन करून आतड्याचा तुकडा वर नेऊन थेट लिव्हरला जोडायचा. पित्ताने वाट धरली तर धरली.

"नाही केलं तर?" विलासने विचारलं.

"लिव्हर कडक होत जातं. दोन वर्षं काढणंसुद्धा कठीण."

"आणि केलं तर?"

"काहींचं चालतं, काहींचं नाही. चाललं तरी किती वर्षं चालेल ते मी सांगू शकत नाही. दोन महिन्यांच्या आत केलेलं बरं असतं." त्यांनी मानसीच्या पावलाला हात लावला. "उशीर झालाय. फार नाही, पण झालाय."

तो 'पण झालाय' मी आजही ऐकते, भाजी चिरताना, रिक्षात बसल्यावर, कधीही.

त्याच दुपारी आई राईहून आली, डिंकाचे लाडू घेऊन. पॅसेजमध्ये ती आमच्याकडे चालत येत होती, आणि माईंनी तिला पाहिलं नव्हतं. माई विलासला सांगत होत्या, "अंधाऱ्या खोलीत हळद फासून ठेवली पोरीला. कुणाला दिसणार? जनावरसुद्धा उजेडात बांधतात." आई जागच्या जागी थांबली. मग पुढे येऊन तिने डबा बाकावर ठेवला, मानसीला लांबूनच पाहिलं आणि निघाली. मी मागून हाक मारली. "येते," एवढंच म्हणाली आणि नंतर आली नाही.

दवाखान्यात 'पांढरीच असते ना' कोण म्हणालं होतं, ते माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मांडीवर मूल होतं आणि भांडायला अंगात जोर नव्हता. नाहीतर मी सोडणाऱ्यातली नाही.

खिडकीतली रांग

ऑपरेशन फार वेळ चाललं. त्याबद्दल लिहिण्यासारखं एवढंच की ते संपलं, आणि मुलगी जिवंत बाहेर आली. पोटावर या टोकापासून त्या टोकापर्यंत टाका होता. एवढंसं पोट, त्याला एवढा टाका.

आमच्या वॉर्डात एक पद्धत होती. लंगोट धुवायचा नाही, राउंडपर्यंत ठेवायचा. सकाळी उजेड आला की सगळ्या आया आपापल्या बाळाचा लंगोट घेऊन खिडकीपाशी उभ्या राहायच्या आणि डॉक्टरीणबाई एकेक बघत पुढे जायच्या. नव्या बाईला किळस यायची, जुन्या बाईला यायची नाही. शेजारच्या लंगोटात रंग दिसला की बरंही वाटायचं आणि हेवाही वाटायचा.

माझ्या शेजारी चिपळूणकडची सुनंदा होती. तिच्या बाळूचं ऑपरेशन आमच्याच आठवड्यात झालेलं. बोलायला भोळी, कामाला वाघीण. टाक्याला धक्का न लावता बाळ कसं उचलायचं ते मला तिने शिकवलं. चहा आला की माझा कप झाकून ठेवायची. बाळूची शी माझ्या मानसीच्या आधी पिवळी झाली. सुनंदाने त्या दिवशी वॉर्डभर खडीसाखर वाटली. मीही खाल्ली. गोड लागली नाही.

मानसीची पांढरीच होत होती. डॉक्टरीणबाई बघायच्या, मान हलवायच्या आणि पुढे जायच्या.

मला ताप भरला होता, म्हणून एक दिवस मानसीजवळ माई राहिल्या. माई म्हणजे सोवळं-ओवळं काटेकोर पाळणारी बाई. घरात त्या लंगोटाला चिमट्यानेसुद्धा हात लावायच्या नाहीत. मी बाकावर आडवी होते. डोळे उघडले तर माई खिडकीपाशी उभ्या, हातात उघडा लंगोट, डोळ्यांच्या अगदी जवळ धरलेला.

"इकडे ये," त्या म्हणाल्या. "मला दिसतंय ते तुला दिसतंय का?"

कडेला हिरवट, मधे पिवळं. फिकं, पण पिवळं.

मी तिथेच खाली बसले आणि रडले. आयुष्यभर डोळ्यांतल्या ज्या पिवळ्या रंगाची भीती वाटत राहणार होती, तोच रंग लंगोटात दिसला म्हणून मी रडत होते. माई रडल्या नाहीत. राउंड होईपर्यंत त्यांनी तो लंगोट कुणाच्या हातात दिला नाही. राउंड झाल्यावर एका प्लास्टिकच्या पिशवीत घातला, गाठ मारली, पर्समध्ये ठेवला आणि "आलेच" म्हणून गेल्या.

त्या संध्याकाळपर्यंत आल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी माझी आई आली, माईंच्या बरोबर. पुढचं मला आईनेच सांगितलं. माई भाईंदरला उतरल्या आणि रिक्षा करून थेट राईला गेल्या. आई अंगणात सुकट पसरत होती.

"माईंनी पिशवी सोडली ओट्यावर," आई म्हणाली. "म्हनल्या, विहीणबाई, बघा. मी म्हनलं, काय हाय? त्या म्हनल्या, पिवळी हाय."

माई 'हाय' म्हणाल्या असतील यावर माझा विश्वास नाही, पण आईच्या सांगण्यात त्या तसंच म्हणतात. दोघी ओट्यावर लंगोट मधे ठेवून बसल्या. माईंनी माफी मागितली नाही, आईने मागायला लावली नाही. माई तिथे जेवल्या. बारशाच्या मांडवातलं जेवण सोडलं, तर माझ्या माहेरच्या घरात त्या पहिल्यांदा जेवल्या.

सुनंदा

हे लिहू की नको असं झालं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लिहा, आयांना खोटं सांगायचं नाही.

आमचा डिस्चार्ज जवळ आला तेव्हा एक दिवस सुनंदा खिडकीच्या रांगेत आली नाही. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तर म्हणाली, "धुऊन टाकला, मॅडम. वास मारत होता." दुसऱ्या दिवशीही धुतला. तिसऱ्या दिवशी मी मोरीत गेले तर ती नळाखाली घाईघाईने लंगोट चोळत होती. पाणी पांढरं वाहत होतं.

आमची नजरानजर झाली. "ताई, सांगू नका," ती म्हणाली. "आज नका. उद्या परत पिवळी होईल."

मी सांगितलं. सांगावंच लागलं. डॉक्टरीणबाईंनी औषधं दिली, परत प्रयत्न केला, पण ती वाट बंद झाली ती झालीच. बाळू वर्षाचा झाला नाही. सुनंदाने माझा राग धरला की नाही मला माहीत नाही. ती परत भेटली नाही. तिच्यासारखी मायेने चहा झाकून ठेवणारी बाई मला अजून भेटलेली नाही.

घरी

तेव्हापासून दाराच्या मागे एक भरलेली पिशवी असते. दोन फ्रॉक, टॉवेल, थर्मास, जुने रिपोर्ट. मानसीला ताप आला की आम्ही आधी पिशवी उचलतो आणि मग ताप मोजतो. पित्ताच्या वाटेला सूज येते, तेव्हा थंडी वाजून ताप भरतो आणि शिरेतून औषधं लागतात. पहिल्या दोन वर्षांत इतक्या वेळा गेलो की वॉर्डातल्या मावशी मानसीला 'आमची' म्हणायला लागल्या. मग कमी झालं.

बाकी ती इतर मुलांसारखीच आहे. हट्टी आहे, ते कुणावर गेलंय ते विलास रोज सांगतो. पोटावरच्या टाक्याला ती झिप म्हणते. माईंनी तिला पिशवीची गोष्ट इतक्यांदा सांगितलीये की तिला पाठ आहे. एकच नियम आहे: संडासात मी बघितल्याशिवाय पाणी टाकायचं नाही. लहानपणापासून ती आतून ओरडते, "आई, पिवळी," आणि मी बघून येते. शेजारणी हसतात. हसू देत.

हे लिहिता लिहिता

वरचं सगळं मी दिवाळीच्या सुट्टीत लिहून ठेवलं होतं. शेवटही डोक्यात तयार होता. मानसी शाळेच्या गॅदरिंगमध्ये नाचणार होती, तिथे संपवायचं, आणि आयांना सांगायचं की बघा, धीर धरा. सुट्टी संपली आणि कागद कपाटात राहून गेले.

मधे एक-दोनदा असं झालं की मी स्वयंपाकघरातून संडासापाशी पोचायच्या आत पाणी टाकल्याचा आवाज आला. "पिवळी होती," ती म्हणाली. शाळेची घाई होती. मोठी होतेय, लाज वाटत असेल, असं मी म्हटलं. मला ते म्हणायचंच होतं.

काल शाळेतून वर्गाचा फोटो आला. सगळी मुलं पायऱ्यांवर, पांढरे शर्ट, एकाच उन्हात. विलासने हातात घेतला, आणि त्याचा चेहरा बदललेला मी पाहिला.

"प्रिंटच पिवळी आहे," तो म्हणाला.

"विलास," मी म्हटलं, "बाकीच्या मुलींकडे बघ."

त्याने पाहिलं. बाकीच्या मुली उन्हात रापून काळ्या-तांबड्या झाल्या होत्या, शर्ट पांढरे होते, मागची भिंत पांढरी होती. त्याने फोटो टेबलावर पालथा ठेवला.

मानसी अभ्यासाला बसली होती. तिने पेन्सिल खाली ठेवली. "आई, मी पाणी टाकत होते," ती म्हणाली.

"का गं?"

"पांढरी होत होती. तू रडशील म्हणून."

मी रडले नाही. रडले असते तर तिने परत कधी काही सांगितलं नसतं. तिला जवळ घेतलं, खिडकीपाशी नेऊन डोळे पाहिले, आणि म्हटलं, उद्या सकाळी आपण डॉक्टरीणबाईंकडे जाऊ. तोपर्यंत पाणी टाकायचं नाही, त्यांना दाखवायचंय. ती "बरं" म्हणाली आणि विचारलं, "शाळा बुडेल ना?" जरा खूश झाल्यासारखी वाटली.

विलासने दारामागची पिशवी काढली. त्यातले फ्रॉक तिला केव्हाच आखूड झाले होते, मी ते बदलायला घेतले. माई कॉटवर बसून सगळं ऐकत होत्या. त्या उठल्या, गुडघे धरत स्वयंपाकघरात गेल्या, एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आल्या, तिची नीट घडी केली आणि माझ्या हातात दिली.